तहातले एक कलम
(देवळाली कॅम्प येथील व्याख्यानाचा मजकूर)



देवळाली कॅम्प ही लष्कराची वस्ती. युद्ध आणि तह हे शब्द येथे नवे नाहीत. युद्धात कोण पडला याची मोजदाद होते. तहात कोण दिले गेले याची होत नाही. देवगिरीच्या यादवांची एक कन्या अशीच तहात दिली गेली. आजचा विषय तिची कहाणी हा आहे.

यादवांचे मूळ येथून जवळच, सिन्नरला आहे. गोंदेश्वराचे मंदिर त्या काळाची साक्ष देत उभे आहे. सिन्नरचे हे मांडलिक घराणे केवळ तलवारीच्या बळावर वाढले नाही. तिसऱ्या भिल्लमाने कल्याणीच्या चालुक्य जयसिंहाची कन्या केली आणि सम्राटाच्या घराण्याशी सोयरीक जोडली. पुढे पाचव्या भिल्लमाने बाराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरीला राजधानी नेली. सोयरीक हे राज्यविस्ताराचे साधन होते आणि त्याची किंमत दुसऱ्याची मुलगी देत होती.

१२९६ साली ती पाळी यादवांवर आली. कड्याचा सुभेदार अल्लाउद्दीन खिलजी अचानक देवगिरीवर चालून आला. युवराज शंकरदेव सैन्य घेऊन दूर गेलेला होता. राजा रामदेवराव किल्ल्यात अडकला आणि शंकरदेव परतून लढला तरी पराभव टळला नाही. फिरिश्ता या इतिहासकाराने खंडणीची यादी दिली आहे: सोने ६०० मण, मोती ७ मण, रत्ने २ मण, चांदी १००० मण, रेशमी वस्त्रे ४०००. शिवाय एलिचपूरचा वसूल. याच अल्लाउद्दीनला रामदेवरावाने आपली कन्याही दिली. सोन्याचे वजन झाले, मोत्यांचे झाले. मुलीच्या संमतीचे वजन करणारा काटा त्या दरबारात नव्हता.

तिचे नाव इसामी या कवी-इतिहासकाराने नोंदवले. त्याने आपला ग्रंथ १३५० साली दक्षिणेतच बहामनी राजाच्या आश्रयाने पुरा केला. फारसी लिपीतून ते नाव ‘झत्यपाली’ असे वाचले जाते. मायबोलीत तिला कोणत्या नावाने हाक मारीत असत, ते त्या अक्षरांच्या मागे दडून राहिले.

या सोयरिकीने रामदेवरावाला काय मिळाले? खंडणी थकली तेव्हा १३०७ च्या सुमारास मलिक काफूर चालून आला आणि राजाला दिल्लीला नेण्यात आले. तेथे त्याचा सन्मान झाला, ‘रायरायान’ हा किताब आणि एक लाख टंकांची देणगी मिळाली. परतल्यावर वरंगळ आणि द्वारसमुद्र यांवरील दिल्लीच्या स्वाऱ्यांना त्याने साहाय्य केले. सिंहासन टिकले, परंतु मांडलिकाचे सिंहासन म्हणून.

आणि त्या कन्येला काय मिळाले? जानेवारी १३१६ मध्ये अल्लाउद्दीन मरण पावला. काफूरने तिच्या पाचसहा वर्षांच्या मुलाला, शिहाबुद्दीन उमरला, गादीवर बसवून सत्ता आपल्या हाती ठेवली. काफूरने तिच्याशी लग्नही लावले, असे फिरिश्ता लिहितो. म्हणजे ती पुन्हा एकदा राजकारणाचे साधन झाली. महिनाभरातच काफूर मारला गेला. सावत्र भाऊ मुबारकशहाने त्या बालकाला पदच्युत केले, त्याचे डोळे काढले आणि त्याला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात टाकले. त्याच मुबारकने पुढे देवगिरीवर येऊन रामदेवरावाचा जावई हरपाळदेव याला हालहाल करून मारले. सासर आणि माहेर दोन्ही एकाच हाताने उद्ध्वस्त झाले. दरबारी इतिहासकारांना मात्र त्यानंतर तिची आठवण ठेवण्याचे कारण उरले नाही.

या कहाणीचा उपयोग जातीय विद्वेष पेटवण्यासाठी करू पाहणारे लोक आहेत. त्यांनी चालुक्यांची कन्याही आठवावी. गुजरातच्या कर्णराजाची देवलदेवी आठवावी. आधी कुलाभिमानापायी तिचा विवाह शंकरदेवाला नाकारण्यात आला आणि मग गरज पडताच ती त्याला देऊ केली गेली. वाटेत दिल्लीच्या सैन्याने तिला पकडले. कोरियात याच काळात, १२७४ साली, कुबलाईखानाची मुलगी तेथील राजपुत्राला दिली गेली. उलट दिशेने कोरियाच्या मुली मंगोल दरबाराकडे खंडणीत जात राहिल्या. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पण व्यवहार एकच. हा दोष एखाद्या धर्माचा नसून, स्त्रीला मालमत्ता मानणाऱ्या सरंजामी व्यवस्थेचा आहे.

हे सारे त्या काळाला कळतच नव्हते, असेही नाही. रामदेवरावाच्याच राजवटीत महदाइसा या महानुभाव कवयित्रीने ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी धवळे रचले. त्यांचा विषय रुक्मिणीचे लग्न. बंधूने ठरवलेला वर नाकारून कृष्णाला स्वतः निरोप धाडणारी विदर्भकन्या मराठी मुलखातील बायकांच्या गाण्यात होती. यादव तर स्वतःला कृष्णाचे वंशज म्हणवीत. रुक्मिणीला जो निवडीचा अधिकार मिळाला, तो त्या वंशाच्या लेकीला मिळाला नाही. गाण्यात मान्य केलेले स्वातंत्र्य घरात नाकारायचे, ही रीत तेव्हापासूनची आहे.

ती रीत संपली आहे काय? २०१३ साली याच नाशिकमध्ये जातीबाहेर लग्न केलेल्या एका गर्भवती तरुणीचा जन्मदात्यानेच गळा आवळला. त्यातूनच अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्धची मोहीम नाशिकहून उभारली आणि २०१६ साली महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. हुंडाबंदीचा कायदा तर १९६१ पासून आहे. राजे गेले, किल्ले ओस पडले. पण घराण्याची प्रतिष्ठा, जमिनीचा तुकडा, पंचांचा मान यांच्या तहात मुलगी अजूनही कलम म्हणून लिहिली जाते.

कायदा हवाच, पण केवळ कायद्याने हे कलम पुसले जाणार नाही. ज्या लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याची यादी होते, त्या बैठकीत मुलीला तिचे मत विचारले गेले काय, हा प्रश्न उपस्थितांपैकी एकाने तरी उभे राहून विचारला पाहिजे. सातशे वर्षांपूर्वी देवगिरीवर तो कोणी विचारला नाही. देवळालीत आणि सिन्नरला तो विचारता येईल, आणि तो विचारणाऱ्याच्या पाठीशी संघटनेने उभे राहिले पाहिजे.