चित्रफितीच्या संपादनासाठी संगणक कसा निवडावा?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आजचा विषय काहींना वेगळा वाटेल. परंतु अलीकडे पालक मला वारंवार विचारतात, "सर, मुलगा एडिटिंगसाठी कॉम्प्युटर मागतो. किंमत मोटारसायकलीएवढी सांगतो. घेऊन द्यावा का?" प्रश्न साधा दिसतो, पण त्यामागे घरची वर्षभराची बचत असते, कधी धाकट्या बहिणीच्या फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे असतात. म्हणून उत्तर भावनेने नव्हे, हिशेबाने दिले पाहिजे.

आळंदीत या कामाला तोटा नाही. लग्नांसाठी हे गाव प्रसिद्धच आहे. कार्तिकी यात्रा, पालखीचे प्रस्थान, कीर्तने यांचे चित्रण होते. चाकण-भोसरीच्या कारखान्यांनाही प्रशिक्षणाच्या फिती लागतात. आणि या कलेचा वारसाही आपल्याजवळ आहे. ज्ञानेश्वर माउलींवरील 'संत ज्ञानेश्वर' हा प्रभातचा चित्रपट 1940 साली आला. त्याचे दिग्दर्शक दोघे होते : विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. याच जोडीचा 'संत तुकाराम' 1936 सालचा. पुण्यातील प्रभातच्या त्याच जागेत 1960 साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. त्या काळी फिल्म कात्रीने कापून चिकटवीत असत. संगणक नव्हता, पण कोठे कापावे हे जाणणारी नजर होती. विद्यार्थ्यांनो, ही नजर कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही, हे प्रथम ध्यानात घ्या.

आता यंत्राकडे वळू. चित्रफितीला एवढा दणकट संगणक का लागतो? फीत म्हणजे स्थिर चित्रांची रांग. सेकंदाला 25 चित्रे धरू. फुल एचडीच्या एका चित्रात 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600 बिंदू असतात. फोर-केमध्ये 3840 गुणिले 2160, म्हणजे 82,94,400, बरोबर चौपट. प्रत्येक बिंदूच्या रंगाला तीन बाइट धरले, तर फोर-केच्या एका सेकंदाला सुमारे 622 मेगाबाइट लागतील. कॅमेरा एवढे साठवीत नाही. तो बहुधा पूर्ण चित्र अधूनमधून एकदाच लिहितो आणि मधल्या चित्रांत केवळ झालेला बदल नोंदवितो. त्यामुळे 100 मेगाबिट वेगाने घेतलेली फीत सेकंदाला साडेबारा मेगाबाइटांत मावते. पण संपादन करताना मधलेच एखादे चित्र पाहायचे झाले, तर संगणकाला आसपासची चित्रे उलगडून ते पुन्हा तयार करावे लागते. यंत्र अडखळते ते येथे.

हे समजले की सुटे भाग निवडणे सोपे जाते.

पहिला भाग प्रोसेसर. एच.264 व एच.265 या पद्धतीच्या फिती उलगडण्याची अंगची सोय त्यात आहे का, हे विचारा. इंटेलच्या पुष्कळ प्रोसेसरांत 'क्विक सिंक' नावाने ती मिळते. नावाच्या शेवटी 'एफ' अक्षर असेल, तर अंगचे ग्राफिक्स नसते आणि ही सोयही मिळत नाही. दुकानदार स्वस्त म्हणून तोच पुढे करील. मग ते काम ग्राफिक्स कार्डाकडून करून घ्यावे लागते.

दुसरा भाग रॅम. एचडीच्या कामाला 16 जीबी आणि फोर-केला 32 जीबी असावी. आज 16 घेतली तरी पुढे वाढविण्यास जागा मोकळी आहे ना, हे पाहून घ्या.

तिसरा भाग ग्राफिक्स कार्ड. साध्या कापाकापीला त्याची फारशी गरज नसते. रंग सुधारणे, इफेक्ट देणे यांसाठी ते लागते. दाविंची रिझॉल्व्ह हे सॉफ्टवेअर वापरणार असाल, तर त्याचा भार मुख्यतः या कार्डावरच असतो.

चौथा भाग डिस्क. जुनी फिरती डिस्क सेकंदाला साधारण दीडशे मेगाबाइट वाचते, साधी एसएसडी सुमारे पाचशे, तर एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पट. सॉफ्टवेअर आणि चालू काम एसएसडीवर ठेवा, झालेले काम फिरत्या डिस्कवर. जागेचा हिशेबही करा. वरील वेगाने एका तासाला 45 जीबी लागतात. लग्नात दोन कॅमेरे सहा-सहा तास चालले, तर 540 जीबी झाले!

लॅपटॉप की डेस्कटॉप? कामासाठी गावोगाव फिरायचे नसेल तर डेस्कटॉप घ्या. त्याच पैशांत जास्त शक्ती मिळते, तो कमी तापतो आणि बिघडलेला एकच भाग बदलता येतो. त्यासोबत यूपीएस मात्र हवाच. वीज गेली की केलेले काम बुडते.

कंपन्यांनी काढून टाकलेले जुने संगणक आपल्या भागात विकायला येतात. ते घेण्यात कमीपणा नाही. पण पारखून घ्या. विंडोज 10 ची नियमित मोफत देखभाल 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असेल, तर विंडोज 11 त्यावर अधिकृतपणे चालत नाही. दोन-तीन अपवाद सोडून द्या. तेव्हा पिढी विचारल्याशिवाय पैसे मोजू नका. बिल आणि वॉरंटीही मागून घ्या.

सॉफ्टवेअर चोरून वापरण्याची गरज नाही. केडेनलाइव्ह व शॉटकट ही पूर्णपणे मोफत आहेत, दाविंची रिझॉल्व्हचीही मोफत आवृत्ती आहे. चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर व्हायरस येतो आणि गिऱ्हाइकाच्या लग्नाची फीत घेऊन जातो. शिवाय ज्या धंद्याची सुरुवातच चोरीने होते, त्यात बरकत कशी येणार?

आणखी एक युक्ती सांगतो. तिने पुष्कळ घरांचे पैसे वाचतील. या सॉफ्टवेअरांत मूळ फितीची हलकी प्रत करता येते. तिला 'प्रॉक्सी' म्हणतात. संपादन त्या हलक्या प्रतीवर करायचे. शेवटी फीत बाहेर काढताना सॉफ्टवेअर मूळ फीत वापरते. वेळ थोडा जास्त जातो, पण साध्या संगणकावर फोर-केचे काम होते. म्हणून "मोठे यंत्र नाही, मी शिकू कसा?" ही सबब टिकत नाही.

पालकांनो, आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर. मुलाला अथवा मुलीला प्रथम तीन महिने हाती असलेल्या साधनावर, फोनवर का होईना, काम करू द्या. पाच-पाच मिनिटांच्या तीन फिती पूर्ण करून दाखवायला सांगा. शाळेचे संमेलन, अब्बांचे वर्कशॉप, मोहल्ल्यातील एखादा कारागीर, विषय कोणताही चालेल. तीन पूर्ण झाल्या, तर यंत्र द्या. एकही झाली नाही, तर समजा की हौस फीत बनविण्याची नव्हती, यंत्राची होती. हप्त्यावर घ्यायचे झाल्यास महिन्याचा हप्ता खात्रीच्या कामातून निघतो का, ते आधी कागदावर मांडा. घरखर्चातून हप्ता जाणार असेल तर थांबा. आणि मुलींना मागे ठेवू नका. या कामाला अंगमेहनतीपेक्षा धीर आणि नेटकेपणा अधिक लागतो.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांला एकच सांगणे. लग्न पुन्हा लावता येत नाही. लोक आपला आयुष्यातला एक दिवस तुमच्या हाती देतात. तेव्हा प्रत्येक फितीच्या तीन प्रती ठेवा. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक घराबाहेर असावी. संगणक खरेदी करताना जादा डिस्कचे पैसे आधी बाजूला काढा, चमकणारे दिवे असलेली पेटी मागून पाहू. गिऱ्हाईक तुमची पेटी पाहायला येत नाही, आपली फीत शाबूत मिळते की नाही हे पाहते.