अकाली प्रसूतीपूर्वीचे काही तास
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



आमच्या विभागाची ओळख बहुधा काचेच्या पेटीमुळे होते. पाहुणे नवजात अतिदक्षता कक्षात येतात, पेटीतील ओंजळभर जीव पाहतात आणि त्यांचे मन हेलावते. त्यातून मिळालेल्या साहाय्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. आज मात्र बोलायचे आहे ते बाळ त्या पेटीत येण्यापूर्वीच्या काही तासांविषयी.

बत्तीस आठवड्यांपूर्वी जन्मणाऱ्या बाळाच्या मेंदूतील रक्तवाहिन्या अतिशय नाजूक असतात. रक्तदाबातील चढउतार त्यांना सोसत नाहीत. मेंदूत रक्तस्राव झाल्यास वाचलेल्या मुलाच्या वाट्याला पुढे सेरेब्रल पाल्सी येऊ शकते. पेटी ऊब देते. झालेली इजा पुसणे तिच्या हाती नाही.

ही इजा टाळण्यास मदत करणारी औषधे नवी नाहीत, महागही नाहीत. प्रसूतीपूर्वी आईला स्टेरॉइड दिल्यास बाळाचा श्वसनाचा त्रास कमी होतो, हे लिगिन्स आणि हॉवी यांनी न्यूझीलंडमध्ये १९७२ साली दाखवले. मेंदूतील रक्तस्रावाचा धोकाही त्याने घटतो. मॅग्नेशियम सल्फेट तर गरोदरपणातील झटक्यांसाठी प्रसूतिकक्षात ठेवलेलेच असते. बत्तीस आठवड्यांपूर्वीच्या प्रसूतीत बाळाच्या मेंदूच्या रक्षणासाठी ते द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये केली.

मग अडते कोठे? औषधाच्या कपाटापासून खाटेपर्यंतच्या अंतरात. मध्यरात्री कळा देत स्त्री येते. पाळीची तारीख आठवत नाही, पहिल्या सोनोग्राफीचा कागद घरी राहिलेला असतो. आठवडे किती, याचा खल होईपर्यंत बाळ जन्मते. आमच्या हातूनही असे घडले आहे, हे येथे सांगितलेच पाहिजे.

पश्चिम इंग्लंडमधील पाच रुग्णालयांत यावर काम झाले. नवे यंत्र आणले नाही. सुईणी व डॉक्टरांना शिकवले, आठवणीची साधने दिली. पात्र मातांना मॅग्नेशियम मिळण्याचे प्रमाण २१ टक्क्यांवरून ८८ टक्क्यांपर्यंत गेले.

या औषधावर असताना आईचा श्वास, लघवी आणि गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया सतत पाहावी लागते. त्यासाठी माणूस लागतो. पेटीवर देणगीदाराचे नाव कोरता येते, रात्रपाळीवर येत नाही, ही आमची अडचण आहे. तरीही यंदा आम्ही पेटी मागत नाही. प्रसूतिकक्षासाठी रात्रपाळीच्या दोन प्रशिक्षित परिचारिका द्याव्यात, एवढीच विनंती.