कथेची उकल



मराठीच्या तासाला कथा वाचून होते, कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहिले जातात आणि तास संपता संपता ठरलेला प्रश्न येतो : ‘या गोष्टीचे तात्पर्य काय?’ मुले एका सुरात सांगतात, ‘लोभ करू नये’, ‘खोटे बोलू नये’. उत्तर चुकीचे नसते. परंतु पुष्कळदा ते कथा न वाचताही देता आले असते. जे उत्तर कथेवाचून देता येते, ते कथेने शिकविले असे कसे म्हणावे?

कथा म्हणजे घटनांची नुसती माळ नव्हे. ‘पाऊस पडला नाही. धनगर गाव सोडून गेले. शाळा ओस पडली.’ ही झाली तीन वाक्ये. ‘पाऊस पडला नाही म्हणून चारा संपला, चारा संपला म्हणून धनगर मेंढरे घेऊन निघाले, आणि त्यांच्याबरोबर मुलेही गेली, म्हणून शाळा ओस पडली,’ असे म्हटले की कथानक उभे राहते. घटना कार्यकारणाने एकमेकींत गुंतल्या, म्हणजे त्यांचे कथानक होते.

आटपाडी तालुक्यातील माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) एक तरुण शिक्षक धनगरांच्या वाडीवर शाळा चालवावयास येतो. ती लघुकथा नव्हे, कादंबरी आहे. तथापि स्थळ-काळ म्हणजे काय, हे ती उत्तम दाखविते. माणदेशाचा दुष्काळ तेथे शोभेसाठी रंगविलेला नाही. तोच वाडी रिकामी करतो. ज्या कथेत गाव बदलले तरी काहीच बदलत नाही, तेथे गाव हे केवळ नाव असते.

ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या ग्रंथात कथालेखनाचे तंत्र मांडले. मराठीत गुंतागुंत, निरगाठ, उकल हे शब्द या संदर्भात रुळले आहेत. निरगाठ आणि सुरगाठ यांतील भेद आपल्या मुलांना दावे बांधताना ठाऊकच असतो. सुरगाठ एका हिसक्यात सुटते. निरगाठीला नखे लावावी लागतात. १९४५ नंतरच्या नवकथेने हे तंत्र बंधनकारक मानले नाही, हेही शिक्षकाने ध्यानी ठेवावे. तंत्र हे कथा समजण्याचे साधन आहे. कथा मापण्याची पायली नव्हे.

आता वाळवे तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांची ‘स्मशानातील सोने’ ही कथा घ्यावी. लहान वर्गांत ती वाचावयाची नाही. शिक्षकाने स्वतः वाचून विचार करावा. वारणाकाठचा भीमा पोटासाठी मुंबईस जातो. त्याला उपनगरातील खाणीत काम मिळते. पण खाण बंद पडते. पुढे राखेत त्याला सोने सापडते आणि तो स्मशानात सोने शोधू लागतो. एका रात्री प्रेताशी झटताना तो हाताची बोटे गमावून बसतो. आणि तेव्हाच वार्ता येते, की खाण पुन्हा सुरू झाली आहे!

या कथेचे तात्पर्य ‘लोभ वाईट’ असे लिहिणारा विद्यार्थी गुण मिळवील, पण भीमावर अन्याय करील. त्याने साखळीची पहिली कडी पाहिलीच नाही. भीमा प्रथम लोभी झाला नाही. प्रथम त्याचे काम गेले. आणि शेवटची वार्ता एक महिना आधी आली असती, तर तोच शेवट सुखाचा झाला असता. घटनांचा क्रम हाच येथे अर्थ आहे.

वर्गात करावयाचे काम साधे आहे. कथेतील सहा घटना सहा चिठ्ठ्यांवर लिहाव्या, त्या मिसळून मुलांकडून क्रमाने लावून घ्याव्या. मग दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये ‘म्हणून’ बसते की ‘पण’, हे विचारावे. जेथे नुसते ‘आणि मग’च बसते, तेथे कथा सैल आहे किंवा मुलाच्या वाचनातून काही निसटले आहे. त्यानंतर चार प्रश्न : पात्राला काय हवे आहे? आड काय येते? ते काय ठरविते? त्याची किंमत कोण देतो? तात्पर्य सर्वांत शेवटी, आणि तेही मुलाच्या शब्दांत.

उदाहरणार्थ, आईच्या औषधासाठी एक मुलगा आपली शेळी घेऊन आटपाडीच्या बाजारास निघतो, पण शेळी गाभण आहे हे त्याला वाटेत कळते. एवढेच सांगून थांबावे. उकल मुलांनी करावी. कोणी शेळी विकील, कोणी परत फिरेल, कोणी उसने मागेल. प्रत्येकाला ‘का?’ एवढेच विचारावे.

माण, जत, आटपाडीकडील कितीतरी मुलांचे वडील कामासाठी परमुलखी असतात. घर का बंद झाले, शेजारी कर्जात का बुडाला, असे प्रश्न त्या मुलांच्या मनात असतातच. कथेत ‘का’ विचारण्याची सवय लागलेले मूल माणसाला नावे ठेवण्यापूर्वी मागची कडी शोधील. मराठीच्या तासाला एवढे साधले, तर तो तास सत्कारणी लागला.