कमी चाललेल्या गाडीची भुरळ



छत उघडणारी, दोनच माणसांची, नामांकित कंपनीची स्पोर्ट्स कार आपल्या रस्त्यांवर अजूनही क्वचितच दिसते. पण जुन्या बाजारात तिची चौकशी करणारे आताशा पुष्कळ भेटतात, आणि त्याचं कारण उघड आहे. नवी असताना जिची किंमत ऐकून आपण गप्प बसलो, तीच गाडी दहा-बारा वर्षांनी एखाद्या नव्या एसयूव्हीच्या भावात समोर उभी राहते. मग सगळे विचारतात ते एकच: घेतली तर टिकेल का?

टिकते. अशा गाड्या जगभर पंचवीस-पंचवीस वर्षं व्यवस्थित चालल्या आहेत. पण कोणती टिकेल, याबद्दलचा आपल्याकडचा समज बहुतेक वेळा उलटा असतो. जाहिरातीत लिहिलेलं असतं, "फक्त 18 हजार किलोमीटर, एकच मालक, कायम गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली." ते वाचून घेणारा हरखतो. माझं सांगणं असं, की या एका वाक्यावर भाळून पैसे मोजू नका. या जातीची गाडी चालून जेवढी झिजते, त्यापेक्षा उभी राहून जास्त खराब होते.

हे नुसतं सांगून पटणार नाही, म्हणून एकच गाडी घेऊ. पोर्शेची बॉक्स्टर. 1996 साली ती बाजारात आली. त्याआधीची काही वर्षं पोर्शे कंपनी मोठ्या आर्थिक अडचणीत होती आणि तिला सावरण्यात या गाडीचा मोठा वाटा आहे. पहिल्या पिढीला 986 म्हणतात, 2004 च्या अखेरीस 987 आली, 2012 मध्ये 981. इंजिन सहा सिलिंडरचं, तीन एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला आडवे, आणि ते बसवलंय सीटच्या मागे, मागच्या चाकांच्या पुढे. त्यामुळे वजन दोन्ही टोकांना छान वाटलं जातं आणि वळणावर ही गाडी जशी चालते तशा गाड्या फार थोड्या. पण त्यामुळेच पुढची डिकी उघडा, मागची उघडा, इंजिन दिसत नाही. बॉनेट उचलून आत डोकावायची आपली सवय इथे कामाची नाही. गाडी लिफ्टवर चढवून खालूनच बघावी लागते. विकणारा लिफ्टवर न्यायला तयार नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

या इंजिनाचा एक दोष जगभर गाजला. क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टपर्यंत पोचवणारा एक मधला शाफ्ट आत असतो. त्याच्या क्लचकडच्या टोकाला एक बेअरिंग आहे, सीलबंद, आत ग्रीस भरलेलं. वर्षं गेली की त्याचं सील कडक होतं, ग्रीस धुऊन जातं, आणि बाहेरचं चांगलं ऑइलही पुरेसं आत पोचत नाही. मग गोळ्या झिजतात, शाफ्ट डगमगतो, चेनचं टायमिंग चुकतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. तिथे इंजिन संपलं. अमेरिकेत यावर ग्राहकांनी दावा लावला आणि 2001 ते 2005 या मॉडेल वर्षांच्या गाड्यांसाठी 2013 मध्ये तडजोड झाली. त्या दाव्यातून पुढे आलेले आकडे बघा. सुरुवातीच्या गाड्यांत गोळ्यांच्या दोन ओळींचं बेअरिंग होतं, त्यात बिघाडाचं प्रमाण सुमारे 1 टक्का. नंतर एका ओळीचं आलं, त्यात सुमारे 8 टक्के. 2006 ते 2008 च्या गाड्यांत मोठं बेअरिंग बसवलं. ते सहसा दगा देत नाही, पण इंजिन पूर्ण खोलल्याशिवाय निघतही नाही. 2009 पासूनच्या नव्या रचनेच्या इंजिनात हा शाफ्टच काढून टाकला. ज्यांना निवडीला वाव आहे त्यांनी 2009 किंवा त्यानंतरचीच बघावी, असं मी स्पष्ट सांगेन.

आता माझा मुद्दा. या बेअरिंगवर वर्षानुवर्षं काम केलेले कारागीर सांगतात, की जी गाडी नियमित रस्त्यावर असते आणि जिचं ऑइल वेळेत बदललं जातं, तिच्यात हा बिघाड कमी आढळतो. जी गाडी पंधरा दिवसांनी एकदा सुरू होते, सोसायटीला एक फेरी मारते आणि पुन्हा झाकली जाते, तिचं ऑइल पुरेसं तापतच नाही. आतलं बाष्प ऑइलातच राहतं, त्याला आम्लता येते, आणि सील, बेअरिंग सगळं त्यात मुरत राहतं. अशा गाडीचं मीटर अठरा हजारच दाखवणार!

म्हणून मीटर सोडा, ऑइल फिल्टर बघा. या इंजिनाचा फिल्टर कागदी घड्यांचा असतो, प्लास्टिकच्या डब्यात बसवलेला. मेकॅनिककडून तो काढून घ्या, घड्या एकेक करून उलगडा आणि उन्हात धरा. चकाकणारे बारीक कण दिसले तर त्यावरून लोहचुंबक फिरवा. चिकटले तर ते पोलाद, म्हणजे बहुधा बेअरिंगचंच. तपकिरी प्लास्टिकचे तुकडे असले तर चेनच्या पट्ट्या झिजल्यात. फिल्टर काळा पण स्वच्छ असेल तर बरंच मोठं ओझं उतरलं. लिफ्टवर असतानाच इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याकडे बघा. तिथे ऑइलचा थेंब लटकत असेल तर मागचं ऑइल सील गेलंय. ते सील स्वस्त आहे, पण बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. पहिल्या दोन प्रकारांतलं बेअरिंगही त्याच वाटेने निघतं. त्यामुळे क्लच प्लेट, सील आणि बेअरिंग ही तिन्ही कामं एकाच वेळी केलेलं बिल मालकाकडे असेल, तर त्या गाडीसाठी थोडी जास्त किंमत मोजायला हरकत नाही.

मीटर मागे फिरवलाय का, हे कळायलाही एक मार्ग आहे. साधारण 2000 नंतरच्या बॉक्स्टरचा इंजिन कंप्युटर इंजिन एकूण किती तास चाललं याची नोंद ठेवतो. पोर्शेचा किंवा त्या तोडीचा स्कॅनर लावला की तो आकडा मिळतो. किलोमीटरला तासांनी भागा. 30 हजार किलोमीटर आणि 1 हजार तास, म्हणजे ताशी सरासरी 30, पटण्याजोगं आहे. पण 30 हजार किलोमीटर आणि 3 हजार तास, म्हणजे ताशी 10? मुंबईच्या गर्दीतसुद्धा एवढी संथ सरासरी पडणं कठीण. तिथे विकणाऱ्याला उत्तर मागा.

छताबद्दल मात्र मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण आपला पाऊस ध्यानात घेऊन ही गाडी कोणी बनवलेली नाही. कापडी छताला पुढून मागे घडी पडते आणि ते जिथे दुमडून बसतं त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी वाहून जाण्यासाठी नळ्या असतात. गाडी झाडाखाली उभी असली की गुलमोहराची, कडुनिंबाची बारीक पानं त्या नळ्यांच्या तोंडाशी जमतात. पाणी तुंबतं आणि आत उतरतं. 986 मध्ये अलार्म आणि किल्ली ओळखणारा कंट्रोल युनिटचा डबा सीटखाली, गालिच्याजवळ बसवलेला आहे. एका रात्रीच्या पावसात तो भिजला की दुसऱ्या दिवशी गाडी किल्लीच ओळखत नाही. पानं साफ करायला दहा मिनिटं पुरतात. हा डबा बदलून नव्याने जुळवायचा खर्च मात्र डोळ्यांत पाणी आणणारा.

तेव्हा बघायला जाताना पाण्याची एक बाटली बरोबर ठेवा. छत अर्धं उघडायला सांगा, कोपऱ्यातल्या नळीच्या तोंडाशी पेलाभर पाणी हळूहळू ओता आणि गाडीखाली वाकून बघा. पाणी मागच्या चाकाच्या पुढे जमिनीवर ठिबकायला हवं. नाही ठिबकलं तर नळी तुंबलेली आहे. मग सीट मागे-पुढे सरकवून खालचा गालिचा तळहाताने दाबा. ओल किंवा कुबट वास आला तर पुढचं काही बघू नका. छत तीनदा उघडबंद करा, कानाने ऐका. कटकट आवाज येत असेल तर सांध्यांतले प्लास्टिकचे भाग तुटत आलेत. 2002 पर्यंतच्या गाड्यांत मागची खिडकी प्लास्टिकची होती. ती उन्हाने पिवळी पडते आणि घडीवर चिरते. नंतर काच आली. घेतल्यावर एक पथ्य पाळा: ओलं छत कधीही घडी करून ठेवू नका, कोकणात आणि मुंबईत तर आठवड्यात बुरशी धरते.

कूलंटची टाकी मागच्या डिकीत असते आणि प्लास्टिकची असते. तीही वयाने तडकते, गाडी चालो वा न चालो. डिकीचा गालिचा उचलून हात फिरवा. रेडिएटर पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत, जाळीच्या आत आहेत, त्यांच्यापुढे एसीचे कंडेन्सर. त्या फटीत पालापाचोळा, प्लास्टिकच्या पिशव्या, चिखल साठतो, दमट राहतो आणि अ‍ॅल्युमिनियम खातो. टॉर्च मारून बघा.

उभ्या गाडीची बाकी लक्षणं कुठल्याही कंपनीच्या गाडीत तीच. टायरवर चार आकडे छापलेले असतात. 3217 म्हणजे 2017 सालचा 32 वा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी सात-आठ वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, आणि पावसात वेगाने जाणाऱ्या गाडीला असलं रबर चालत नाही. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता ओढतं. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, तेही ओल ओढतं, आणि इतक्या जुन्या गाडीचे होज त्यासाठी बनवलेले नाहीत. पेट्रोल टाकीत सहा-सहा महिने पडून राहिलं तर हा त्रास वाढतो. उंदरांनी वायरिंग कुरतडणं तर आपल्याकडे नित्याचंच.

आता कागदपत्रं. दिल्ली परिसरात 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या महागड्या गाड्या स्वस्तात महाराष्ट्रात येतात. परराज्यातली गाडी इथे 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नव्याने नोंदणी आणि आपल्या राज्याचा कर, दोन्ही आलं. त्यासाठी तिथल्या आरटीओची एनओसी हवी, कर्ज असेल तर बँकेचं फॉर्म 35 हवं. कर वाचवण्यासाठी दुसऱ्याच राज्यातल्या पत्त्यावर गाडी नोंदवल्याची प्रकरणं केरळमध्ये पोलिसांपर्यंत गेली होती. अशी गाडी तुमच्या नावावर झाली तर निस्तरणंही तुमच्याकडेच येईल. इंग्लंडमध्ये भाचा आहे, तिथे बॉक्स्टर फार स्वस्त मिळते, आणू का, असंही काही जण विचारतात. स्टिअरिंग उजवीकडे आहे हे खरं. पण आपल्या नियमांप्रमाणे तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी सर्वसाधारणपणे आयात करता येत नाही, शिवाय सीमाशुल्क जबर. तो विचार सोडून द्या.

खर्चाचं मोठं गणित एका वाक्यात येतं. गाडीची किंमत उतरली, तिच्या सुट्या भागांची उतरली नाही. सहज परवडणाऱ्या भावात दारात हत्ती उभा राहतो, पण त्याचा चारा हत्तीचाच लागतो. खरेदीच्या रकमेच्या पंधरा-वीस टक्के पैसे पहिल्या वर्षासाठी वेगळे काढून ठेवा. ते नसतील तर थोडी कमी किमतीची, पण नीट सांभाळलेली दुसरी गाडी बघा. जुन्या गाडीला झिरो डेप विमा सहसा मिळत नाही, हेही हिशोबात धरा. आणि घराजवळ हे काम जाणणारा कारागीर आहे का, याची चौकशी गाडी ठरवण्याआधी करा. पुण्या-मुंबईत असे लोक आहेत. लहान शहरांत गाडी ट्रकवर चढवून पाठवावी लागेल.

गाडी बघायला सकाळी जा, आणि आधी सुरू करून ठेवू नका असं मालकाला फोनवरच सांगा. थंड इंजिनाचा पहिला आवाज ऐकायला मिळाला पाहिजे. सुरू होताना क्षणभर निळसर धूर आला तर घाबरू नका, आडव्या सिलिंडरच्या इंजिनात तो येतो. धूर चालूच राहिला तर मात्र कारण शोधावं लागेल. नंतर किमान अर्धा तास चालवा, त्यात एखादा चढ असू द्या, एसी लावून गर्दीत उभी करा आणि तापमानाचा काटा बघा.

घेतलीत, तर पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल आणि कूलंट बदलून घ्या, आधीच्या मालकाने काहीही सांगितलं असलं तरी. ऑइल सुमारे आठ लिटर लागतं. पुढचं ऑइल किलोमीटर मोजून बदलू नका, वर्ष भरलं की बदला. आणि दर आठवड्याला तिला बाहेर काढा. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत नव्हे, चांगली तीस-चाळीस किलोमीटर, ऑइल पूर्ण तापेपर्यंत. पावसाळ्यातसुद्धा, छत बंद असलं तरी ती गाडीच आहे.