साखळीची करवत : स्वस्त कोणती, महाग कोणती?



सन २०२० च्या जून महिन्याची तीन तारीख उत्तर कोंकणांतील बागाईतदार सहसा विसरणार नाहीं. त्या दिवशीं दुपारीं 'निसर्ग' नांवाचें चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूस किनाऱ्यावर चढलें आणि रायगडच्या दक्षिणेकडील व रत्नागिरीच्या उत्तरेकडील नारळ, सुपारी व आंबा यांच्या बागा कांहीं तासांत आडव्या झाल्या. दापोली तालुक्यांतील आमच्या आगरांत त्या सायंकाळीं घराबाहेर पाऊल टाकावयास वाट उरली नव्हती. वडिलांनीं जोपासलेले तीन रायवळ आंबे एकमेकांवर कोसळले होते आणि त्यांच्याखालीं विहीर, पंप व गोठ्याचें छप्पर हीं सर्व सांपडलीं होतीं. अशा वेळीं कोयता आणि कुऱ्हाड घेऊन बसलेला मनुष्य किती असहाय असतो तें मीं त्या आठवड्यांत अनुभवलें. वीज नव्हती, मजूर मिळत नव्हते आणि पाऊस दाराशीं येऊन ठेपला होता. तेव्हां किनाऱ्यावरील अनेकांनीं जें केलें तेंच मींही केलें. रस्ता मोकळा होतांच बाजारीं गेलों आणि जी मिळाली ती चेनसॉ घेऊन आलों.

चेनसॉ म्हणजे साखळीची करवत. आमच्याकडे तिला नुसतें 'कटर' म्हणतात. मला ती साडेसहा हजार रुपयांस मिळाली. खोक्यावर ५८ घनसेंटिमीटर हा आंकडा एवढ्या ठळक अक्षरांत छापलेला होता कीं, तो वाचूनच माझें अर्धें समाधान झालें. दोन दिवसांनीं शेजारच्या गांवचा एक लाकूडतोड्या मदतीस आला. झाडें तोडून पोट भरणारा मनुष्य. त्याची करवत सहा वर्षांची, रंग उडालेली आणि ५० घनसेंटिमीटरची. किंमत विचारली तेव्हां त्यानें पंचेचाळीस हजार सांगितली. माझी ५८ ची, त्याची ५० ची. असें असतां त्याच्या यंत्रास माझ्या यंत्राच्या सातपट पैसे कां पडावे? या प्रश्नाचें जें उत्तर मला पुढील महिनाभरांत मिळालें, तें आज आपणांपुढें ठेवणार आहें.

प्रथम यंत्राविषयीं दोन शब्द. एक लहानसें पेट्रोलचें एंजिन, त्याच्या पुढें लोखंडी पट्टी आणि त्या पट्टीच्या खांचेंतून फिरणारी दांत्यांची साखळी, एवढाच हा पसारा. आरंभींच्या साखळ्यांचे दांत हातकरवतीच्या दांतांसारखे असत. ते लाकूड ओरखडीत आणि वारंवार घांसावे लागत. अमेरिकेंतील ऑरेगन प्रांतांत जोसेफ कॉक्स नांवाचा एक लाकूडतोड्या होता. सन १९४६ मध्यें एका ओंडक्यांत लाकूड कुरतडीत चाललेली भुंगेऱ्याची अळी त्याच्या दृष्टीस पडली. ती उजवीकडे एकदां, डावीकडे एकदां असा चावा घेत उभ्या-आडव्या दोन्ही रेषांनीं सारख्याच सहजतेनें पुढें सरकत होती. त्या जबड्यावरून कॉक्सनें वांकड्या दांताची साखळी घडविली आणि पुढल्याच वर्षीं तिचा कारखाना काढला. आजच्या बहुतेक साखळ्या त्याच वंशांतल्या आहेत. आमच्या आंब्यांना पोखरणारा खोडकिडा हा त्या अळीचा भाऊबंदच होय. दोघेही लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या कुळांतले. ज्याला आम्ही तार घालून मारतों त्याच्या एका नातेवाइकानें जगाला एवढी विद्या शिकवावी, याची मला गंमत वाटते. असो.

आमच्या आगरांत एकाच बुंध्यावर दोन बाजूंनीं दोन्ही करवती चालूं लागल्या. पहिल्या तासाभरांत माझ्या यंत्रानें लाज राखली हें मला प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. दोन्ही साखळ्या धारदार होत्या. लाकूडतोड्याचा काप थोडा आधीं पुरा होई, परंतु सातपट आधीं खास नव्हे. फरक दिसूं लागला तो दोन प्रहरीं. माझें यंत्र तापलें म्हणजे मंद गतीवर बंद पडे आणि पुन्हा चालू करण्यासाठीं दोरी ओढून ओढून खांदा भरून येई. त्याचें यंत्र टाकी भरण्यापुरतें थांबे आणि एका हिसक्यांत पुन्हा गर्जूं लागे. तिसऱ्या दिवशीं माझी दोरी तुटली. पांचव्या दिवशीं साखळीला तेल मिळेनासें झालें; उघडून पाहतों तों तेलाच्या पंपाचें प्लास्टिकचें दांतेरी चाक झिजून गुळगुळीत झालेलें. तें कळेपर्यंत कोरड्या घर्षणानें पट्टी निळी पडली होती. लाकूडतोड्या हंसला आणि म्हणाला, "अण्णा, तुमची मशीन दहा झाडांची हाय. हितं शंभर पडलीत."

त्याच्या या वाक्यांत किंमतीचें सर्व रहस्य होतें, तें मला मागाहून उमगलें. घनसेंटिमीटर हा आंकडा सिलिंडरची पोकळी सांगतो. तींतून किती काम निघेल हें सांगत नाहीं. याचें उदाहरण एकाच कारखान्याच्या मालांतही मिळतें. श्टील या जर्मन कारखान्याची एम. एस. २५० ही शेतकऱ्यांसाठीं असलेली करवत ४५.४ घनसेंटिमीटरची असून तिची शक्ति २.३ किलोवॅट, म्हणजे तीन अश्वशक्तींच्या किंचित् वर आहे. त्याच कारखान्याची एम. एस. २६१ ही धंदेवाईकांची करवत ५०.२ घनसेंटिमीटरची; तिची शक्ति ३ किलोवॅट, म्हणजे सुमारें चार अश्वशक्ति. पोकळींतील फरक दहा टक्क्यांचा, तर शक्तींतील तीस टक्क्यांचा. आणि वजनांत म्हणाल तर दोन्ही पांच किलोंच्या आंतबाहेर. धंदेवाईक यंत्राचा सांगाडा मॅग्नेशियमच्या ओतकामाचा असतो, त्यामुळें तें हलकें राहून तापल्यावरही वांकडें होत नाहीं. हवेची गाळणी मोठी असते. सुटे भाग दहा वर्षांनींही मिळतात. मूठ स्प्रिंगांवर बसविलेली असते, ही गोष्ट तर दुकानांत उभें राहून कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. परंतु कांपणाऱ्या करवती वर्षानुवर्षें धरल्यामुळें बोटें पांढरीं पडून बधिर होण्याचा विकार अनेक देशांतील जंगलकामगारांत आढळला, आणि सन १९६० नंतर मोठ्या कारखान्यांनीं मुठी वेगळ्या बसविण्यास आरंभ केला तो याच कारणानें. माझी करवत अर्धा तास धरल्यावर मला चहाची कपबशी स्थिर धरतां येत नसे.

येथवरचें नुकसान पैशाचें होतें आणि तें सोसण्यासारखें होतें. यापुढची गोष्ट तशी नाहीं.

त्या महिन्याच्या अखेरीस आमचा गडी उताराच्या बाजूचा ढीग तोडीत होता. पट्टीचें टोंक पानांआड दडलेल्या एका फांदीस लागलें. टोंकाच्या वरच्या भागाचा असा स्पर्श झाला कीं करवत क्षणार्धांत उलट उसळून चालविणाऱ्याच्या अंगावर येते. याच प्रसंगासाठीं मुठीच्या पुढें एक आडवी दांडी असते. ती मनगटाच्या धक्क्यानें, किंवा उसळीच्या झटक्यानें आपोआप, पुढें पडते आणि साखळी जागच्या जागीं थांबते. पूर्ण वेगांत ही साखळी सेकंदास वीस मीटरच्या आसपास धांवते, म्हणून थांबावयाचें तें निमिषांत थांबलें पाहिजे. दांडी पडली, साखळी थांबली नाहीं. ती मंदावत मंदावत त्याच्या डाव्या मांडीवर उतरली. सतरा टांके पडले. पाय वांचला, पण त्याला आजही नीट उकिडवें बसतां येत नाहीं.

ब्रेकचा पट्टा ढिला होता हें खरें. परंतु तो एकदांही तपासून न पाहतां मीं यंत्र दुसऱ्याच्या हातीं दिलें, हेंही तितकेंच खरें. आणि तो अर्धी विजार व पायांत चपला अशा वेषांत काम करीत होता हें मी रोज पाहत होतों. तपासणी दोन मिनिटांची आहे. करवत जमिनीवर घट्ट दाबून धरावी, साखळी मोकळी ठेवून वेग द्यावा, आणि मूठ न सोडतां मनगटानें दांडी पुढें ढकलावी. साखळी तात्काळ थांबली नाहीं तर तें यंत्र, तें पांच हजारांचें असो वा पन्नास हजारांचें, दुकानदारास परत करावें. मांडीवर बांधावयाचें एक जाड आवरण मिळतें. त्यांतील लांब धागे साखळीच्या चाकांत गुंतून तिला अडवितात. तें, शिरस्त्राण, डोळ्यांवरील जाळी आणि जाड बूट यांची किंमत माझ्या यंत्राच्या किंमतीएवढी होते असें पाहून मीं तेव्हां तीं घेतलीं नव्हतीं. हा हिशेब मी आतां वेगळ्या रीतीनें करतों.

आतां साखळीविषयीं, कारण येथें स्वस्त-महागाचा भेद जवळजवळ नाहींसा होतो. बोथट साखळीची महाग करवत ही धारदार साखळीच्या स्वस्त करवतीपुढें टिकत नाहीं. ओळखण्याची खूण सोपी आहे : धार असेल तर बाहेर ढलप्या उडतात, गेली असेल तर पिठासारखा भुसा पडतो आणि माणूस जोर लावूं लागतो. नारळाचा बुंधा वरून मऊ वाटला तरी त्याचा कडेचा भाग फार चिवट असून साखळीची धार भराभर खातो. त्यांत तो जमिनीवर पडून वाळू लागलेला असला म्हणजे विचारूंच नका. एक गोल कानस, लहान साखळीस चार मिलिमीटरची व तिच्याहून मोठीस पावणेपांच-पांचच्या मधली, एवढी जवळ असावी. दर दोन टाक्यांमागें प्रत्येक दांतावर तीस अंशांच्या तिरप्या रेषेंत आंतून बाहेर दोन-तीन हात मारावे. स्वस्त यंत्राबरोबर येणारी साखळी बहुधा नरम असते. ती पहिल्या आठवड्यांत बाजूस ठेवून हजार-बाराशें रुपयांची चांगली साखळी घातली, तर साडेसहा हजारांचें यंत्रही ओळखूं येत नाहीं. खर्चाच्या मानानें एवढा लाभ देणारी दुसरी सुधारणा मला माहीत नाहीं.

मग घ्यावें काय? ज्याला वर्षांतून दहा-पंधरा तास फांद्या छाटावयाच्या व जळण करावयाचें आहे, त्यानें पंचेचाळीस हजार घालूं नयेत. तें यंत्र पडवींत बसून म्हातारें होईल. त्याला तीस-पस्तीस घनसेंटिमीटरची, नांवाजलेल्या कारखान्याची लहान करवत उत्तम. तेवढेंही परवडत नसेल तर स्वस्त घ्यावी, मात्र ब्रेक पाहून घ्यावी आणि तिची कुवत ओळखून चालवावी. खोक्यावर बावीस इंचांची पट्टी दाखविली असली तरी तिच्यावर सोळा-अठरा इंचांहून लांब पट्टी चढवूं नये. लांब पट्टीनें यंत्राची शक्ति वाढत नाहीं, उसळीचा हिसका मात्र वाढतो. उलट जो रोज चार-सहा तास दुसऱ्याच्या बागेंत काम करतो त्याला स्वस्त यंत्रासारखें महाग यंत्र नाहीं. बंद पडलेल्या प्रत्येक दिवसाची मजुरी बुडते, आणि आमच्या बाजूस दुरुस्तीसाठीं तालुक्यास जाणें म्हणजे दिवस गेलाच. माझ्या करवतीचा दट्ट्या महिन्याअखेर चिरा पडून अडकला. तोंवर दुरुस्ती व खोळंबा मिळून तिच्या किंमतीहून अधिक रक्कम खर्ची पडली होती.

पावसाळ्याची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुस्तिकांत ती आमच्या हवामानासाठीं लिहिलेली नसते. हल्लींच्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें आणि इथेनॉल दमट हवेंतील पाणी ओढून घेतें. जून ते सप्टेंबर टाकींत पेट्रोल ठेवून करवत कोपऱ्यांत टाकली, तर दसऱ्याला ती सुरू होत नाहीं आणि दोष कारखान्यास मिळतो. टाकी रिकामी करून एंजिन स्वतः बंद पडेपर्यंत चालवावें, साखळी काढून तेलांत बुडवावी, म्हणजे कार्बोरेटरचे नाजुक पडदे वांचतात. तेलाचें मिश्रणही पुस्तिकेबरहुकूम करावें. महाग यंत्रांस त्यांच्या उत्तम तेलाबरोबर बहुधा पन्नास भाग पेट्रोलास एक भाग तेल चालतें. कित्येक स्वस्त यंत्रांस पंचवीसास एक लागतें. शेजाऱ्याचें मिश्रण उसनें घेऊन दट्ट्या जाळल्याचीं उदाहरणें आमच्याच वाडींत दोन आहेत.

माझ्या त्या करवतीस नवा दट्ट्या, ब्रेकला नवा पट्टा आणि चांगली साखळी घातली. ती अजून आहे. पडवींत टांगलेली असते आणि दिवाळीनंतर आठवडाभर जळण करण्यास उपयोगी पडते. तेवढें काम ती बिनतक्रार करते.

आमचा गडी आतां स्वतंत्रपणें झाडांचीं कामें घेऊं लागला आहे. त्याला ५० घनसेंटिमीटरची धंदेवाईक करवत हवी आहे, आणि नवी झेपत नाहीं म्हणून खेडच्या बाजूस एक जुनी विकाऊ असल्याचें त्यानें शोधून काढलें आहे. जुनी घेतांना सायलेन्सर उतरवून आंतील दट्ट्यावर उभे चरे पडले आहेत कीं काय हें पाहावें लागतें. तें त्याला आतां माझ्याहून चांगलें समजतें. येत्या रविवारीं आम्ही दोघे ती पाहावयास जाणार आहों. दट्ट्या तो पाहील. ब्रेक मी पाहणार आहें.