सभा श्रोत्यांच्या स्वाधीन
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



'शिक्षण आणि समाज' हा विषय आमच्याकडे सोपविण्यात आला आहे. या विषयावर आम्ही याच व्यासपीठावरून पूर्वीही बोललो आहोत आणि आपण ते सोसलेही आहे. आज विषय किंचित वळवून घेण्याची परवानगी असावी. समाजाने काय शिकावे, हे सांगणारे पुष्कळ आहेत. आपण वर्षातून एकदा एवढा प्रवासखर्च करून एकत्र जमतो, ते एकमेकांपासून काही शिकता येईल अशा रीतीने जमतो काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

व्याख्यानाची निंदा आम्ही करणार नाही. पुण्यास १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि महाराष्ट्राला विचार ऐकण्याची सवय लागली, हे उपकार थोडेथोडके नाहीत. परंतु त्या काळच्या श्रोत्याला दुसरे साधन नव्हते. आज उत्तमोत्तम व्याख्याने प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये आहेत. तेथे मिळत नाही ती आपल्याच माणसाच्या अनुभवाची गोष्ट: कोणत्या वसतिगृहात मुलाची सोय झाली, कर्जाचा कागद कोठे अडला, मुलीच्या लग्नात खर्च कसा आवरला. आणि ही देवघेव आपल्या संमेलनात मंडपात होत नाही. ती चहाच्या रांगेत होते.

हेच निरीक्षण अमेरिकेत हॅरिसन ओवेन नावाच्या गृहस्थांनी केले. १९८३ साली त्यांनी वर्षभर राबून एक मोठी परिषद भरविली. शेवटी सर्वांचे मत असे पडले की, परिषदेतील उत्तम भाग म्हणजे मधली कॉफीची सुट्टी! तेव्हा १९८५ साली कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे त्यांनी वक्ते नाहीत, आधी छापलेला कार्यक्रम नाही, अशी परिषद घेतली. ही केवळ अमेरिकन कल्पना आहे असेही समजू नये. लायबेरियातील एका खेडेगावात चार दिवसांचा उत्सव कोणतीही समिती नसताना शिस्तीने पार पडलेला ओवेन यांनी पूर्वी पाहिला होता. तो संस्कार या पद्धतीच्या मुळाशी होता.

पद्धत साधी आहे. सर्वांनी वर्तुळात बसावे. मध्यभागी कागद व लेखण्या ठेवाव्या. ज्याला एखाद्या प्रश्नाची खरी कळकळ असेल त्याने उठून तो कागदावर लिहावा, स्वतःचे नाव सांगावे आणि वेळ व खोली नमूद करून भिंतीवर लावावा. अर्ध्या तासात भिंतीवर दिवसाचा कार्यक्रम तयार होतो. मग ज्याला जेथे रस असेल तेथे त्याने जावे. जेथे आपण शिकत नाही आणि शिकवीतही नाही, तेथून उठून दुसरीकडे जावे; याला ते 'दोन पायांचा नियम' म्हणतात. पुढे २००५ साली कॅलिफोर्नियातच पालो आल्टो येथे संगणकक्षेत्रातील तरुणांनी याच धर्तीवर 'बारकॅम्प' भरविला. प्रथमच येणाऱ्याने काहीतरी मांडलेच पाहिजे, असा दंडक तेथे रूढ झाला. तो आपल्याकडे एकदम लावू नये असे आमचे मत आहे. आपली माणसे पहिल्या वर्षी लाजतात.

गतवर्षी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या तालुका शाखेने एका शाळेच्या चार वर्गखोल्यांत हा प्रयोग केला. चाळीसेक मंडळी होती. पहिली दहा मिनिटे कोणी उठेना. मग एक निवृत्त एस.टी. चालक उठले आणि भीड मोडली. एका मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या सद्गृहस्थांच्या खोलीकडे मात्र कोणी फिरकले नाही. ते थोडा वेळ वाट पाहून शेजारच्या खोलीत जाऊन बसले आणि तेथे उत्तम बोलले.

सर्वांत गर्दी झाली ती एका विधवा भगिनीच्या खोलीत. 'जात पडताळणीचे जुने पुरावे' एवढेच त्यांनी कागदावर लिहिले होते. इतर मागासवर्गीयांस १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. या विषयावर आपल्या मंडपात एका अधिकाऱ्यांचे तासभर व्याख्यानही झाले होते आणि अखेरीस एकही प्रश्न विचारला गेला नव्हता. या बाईंनी मुलीच्या प्रवेशासाठी सासरच्या मूळ गावी तीन खेपा घातल्या होत्या. शाळेच्या जनरल रजिस्टरातील आजेसासऱ्यांची नोंद कशी शोधविली, तहसील कचेरीच्या अभिलेखकक्षातून कोतवाल बुकाची नक्कल कशी मिळविली, वंशावळीतील नाव आणि नोंदीतील नाव जुळले नाही तेव्हा काय केले, हे त्यांनी क्रमाने सांगितले. प्रश्नांवर प्रश्न आले. जुनी नोंद मोडीत असल्यामुळे तीन कुटुंबांचे काम खोळंबले होते. खोलीतच मोडी जाणणारे एक वृद्ध गृहस्थ निघाले व त्यांनी ते वाचन पत्करले. ते वीस वर्षे आपले सभासद आहेत. त्यांना मोडी येते, हे कोणी त्यांना कधी विचारलेच नव्हते.

काही शंका मात्र खऱ्या आहेत. आपल्याकडे वडीलधारी व्यक्ती बोलत असता उठणे हा अपमान समजला जातो. म्हणून दोन पायांचा नियम अध्यक्षांनी आरंभीच जाहीर करावा आणि ज्येष्ठांनी प्रथम स्वतः उठून दाखवावे. सासऱ्यांसमोर सून बोलत नाही, अशी तक्रार येते. पण सुनेला दुसरी खोली निवडता येते, हाच तर या पद्धतीचा मोठा गुण. देणगीदारांचा सत्कार पहिल्या दिवशी यथास्थित व्हावा, त्याला बाध नाही. हिशेब, निवडणूक, घटनादुरुस्ती ही कामे मात्र रीतसर विषयपत्रिकेनेच झाली पाहिजेत. त्याचप्रमाणे ज्या प्रश्नाचा निर्णय कार्यकारी मंडळाने आधीच मनाशी केला असेल, तो प्रश्न भिंतीवर टांगून लोकांची थट्टा करू नये.

तेव्हा आमची सूचना अशी की, पुढील संमेलनाचा दुसरा दिवस या खुल्या सभेला द्यावा. व्यासपीठ व ध्वनिक्षेपक त्या दिवशी नको. सतरंज्या वर्तुळात घालाव्या, गुडघेदुखीच्या मंडळींसाठी त्याच वर्तुळात खुर्च्या असाव्या. प्रत्येक बैठक एका तासाची, मध्ये शाळेची घंटा. प्रत्येक खोलीत दहावी-बारावीचा एक विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी टिपण घेण्यास बसवावी आणि ती टिपणे पुढील स्मरणिकेत छापावी. आमच्यासारख्यांच्या भाषणांची काही पाने त्यासाठी खुशाल कमी करावी. लहान मुलांना सांभाळण्याची पाळी त्या दिवशी पुरुषांनी घ्यावी, अन्यथा निम्म्या भगिनी पाकगृहाच्या दाराशीच राहतील. कागद, खडू व लेखण्या यांचा खर्च आम्ही देऊ. सहा वर्गखोल्यांसाठी मुख्याध्यापकांकडे अर्ज मात्र शाळा सुरू होताच, जूनमध्ये, गेला पाहिजे. अर्जाचा मसुदा आम्ही लिहून आणला आहे. तो चिटणीसांच्या हाती देतो.