पायाशी चिखल, तरी रोप तहानेलं



गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटानं परसबागेसाठी वांग्याची, मिरचीची रोपं आणली. बैठक संपायला बारा वाजले. "जमलोच आहोत तर लावून टाकू," असं मीच म्हणाले. भर उन्हात रोपं लावली आणि पाणी भरपूर घातलं. चार वाजता बघतो तर सगळ्यांनी माना टाकलेल्या. तिसऱ्या दिवशी निम्मी वाळून गेली. पैसे गटाच्या बचतीतले होते, जिवाला लागलं. एक मावशी म्हणाल्या, "अगं, पायाशी चिखल आहे, मग रोप तहानेनं मेलंच कसं?" त्याचंच उत्तर आज सांगते.

आपण चुलीवर रांधतो, झाड पानात रांधतं. शिधा दोनच गोष्टींचा: मुळांनी आणलेलं पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड. सरपण म्हणजे ऊन. पानातलं हरितद्रव्य ऊन पकडतं आणि पानात साखर तयार होते. आपल्याला लागणारा ऑक्सिजन त्यातूनच बाहेर पडतो. ज्वारीच्या दाण्यातलं पीठही मुळात पानात झालेली साखरच.

हवा आत घ्यायला पानाला बारीक छिद्रं असतात. त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाहीत. अडचण अशी, की हवेसाठी हे तोंड उघडलं की आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं. मुळांनी १०० तांबे पाणी ओढलं, तर ९५ पेक्षा जास्त तांबे असेच उडून जातात.

पण ते वाया जात नाही. वरून वाफ गेली की पान खालचं पाणी ओढून घेतं. खोडातल्या बारीक नळ्यांतून पाण्याची अखंड धार वर चढते, सोबत मातीतलं खतही नेते. ना मोटार, ना वीजबिल! वाफ जाताना उष्णताही घेऊन जाते. माठ पाझरतो म्हणून पाणी गार होतं, तसंच हे. म्हणून तर पत्र्याच्या सावलीपेक्षा कडुनिंबाखाली गार वाटतं.

आता आमची चूक बघा. पाणी शोषतात ते मुळांवरचे केसासारखे तंतू. रोप उपटताना तेच तुटतात. वरून ऊन पाणी ओढतंय आणि खालून द्यायला कुणी नाही. जमा काही नाही, खर्च मात्र चालू! अशा वेळी रोप तोंडं मिटून घेतं, पण मग हवा बंद आणि चूलही थंड. कोरफड, निवडुंग यांनी यावर तोड काढली आहे. ते दिवसा तोंडं मिटतात आणि रात्री उघडतात. वांग्या-मिरचीला ते जमत नाही.

म्हणून यंदा आम्ही ऊन उतरल्यावर, संध्याकाळी लागवड केली. मुळांची माती झडू दिली नाही. चार दिवस फांद्यांची सावली केली आणि बुंध्याशी पालापाचोळा अंथरला, म्हणजे मातीतला ओलावा टिकतो. एखाद-दुसरं रोप गेलं, बाकी सगळी धरली.

खात्री करायची असेल तर सकाळी जास्वंदाच्या पानं असलेल्या फांदीला प्लास्टिकची कोरडी, पारदर्शक पिशवी घट्ट बांधा. दुपारी बघा, आत पाण्याचे थेंब दिसतील. मुलांनाही दाखवा. आणि पुढच्या बैठकीत रोपं आली, तर आधी घड्याळ बघा!